बफर : गंगाजळी, बेगमी की बफरच?

मृण्मयी_क
बँकिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं तयार करतेय. बँका अडचणीच्या काळात आपले भांडवली बफर, म्हणजे तोटा सोसता यावा म्हणून किमान भांडवलाच्या वर ठेवलेलं जादा भांडवल, खरंच वापरतात का, यावर बेसल समितीचा, म्हणजे बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या समितीचा, ऑक्टोबर २०२२चा अहवाल आहे. त्याचा सारांश लिहिताना मी सगळीकडे ‘गंगाजळी’ घातलं. परकीय चलनाची गंगाजळी आपण पेपरात वाचतोच. पण ज्या सरांना तपासायला दिलं त्यांनी प्रत्येक गंगाजळीवर रेघ मारली. म्हणाले, गंगाजळीला हात लावायचा नसतो आणि इथे तर हात लावायलाच सांगितलंय. मग शब्द कोणता घ्यायचा?

जुना_शिरस्तेदार
सरांचं बरोबर आहे. आमच्या देवघरात गंगेच्या पाण्याचा झाळलेला गडू होता. घरात कोणी अखेरच्या घटका मोजत असेल तरच तो फोडायचा. खजिन्यातली गंगाजळीही तशीच, मोडायची नाही अशी ठेव. बफरचं तसं नाही. आपल्याकडे व्यापारी बँकांना किमान भांडवल जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या ९ टक्के आणि त्यावर अडीच टक्के संवर्धन बफर, मिळून ११.५. त्या अडीच टक्क्यांत उतरलं म्हणून बँकेला टाळं लागत नाही, लाभांश वाटण्यावर बंधनं येतात. ते वापरण्यासाठीच ठेवलेलं आहे.

तळकोकण
मग ‘बेगमी’ म्हणा की! पावसाच्या तोंडावर आमच्याकडे सुके बांगडे, सोलं, कुळीथ भरून ठेवतात आणि आषाढ-श्रावणात खातात. भर पावसात डबा उघडायला कोणी कचरत नाही. प्रतिचक्रीय बफर नेमका हाच. बरे दिवस असताना वाढवायचा, वाईट दिवसांत सोडायचा. बँक ऑफ इंग्लंडने मार्च २०२०मध्ये तो १ टक्क्यावरून शून्यावर आणला, तो पावसाळाच होता.

मडगावची
आमच्या गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात, त्याच्या नावाचं फेस्तही भरतं. मूळ पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’, म्हणजे तरतूद. आणि बेगमी ‘बेगम’वरून आली असं कोणी सांगायच्या आत सांगते, ती फारसी ‘बे-गम’वरून. साठा आहे, म्हणून चिंता नाही.

तत्सम
पुरुमेंत पोर्तुगीज, बेगमी फारसी, बफर इंग्रजी. स्वतःचं काहीच नको का आपल्याला? ‘आपत्संचय’ म्हणा. आपद्धर्म सगळ्यांना कळतो, मग आपत्संचय का कळू नये? महापौर आणि दिनांक हे शब्दही एके काळी ओढूनताणून आणलेलेच वाटत होते. शब्द रुळवावा लागतो आणि टिपणं लिहिणाऱ्यांनी तो रुळवायचा असतो.

तळकोकण
बेगमी परकी? माझ्या आजीला फारसीचं एक अक्षर येत नव्हतं. तिच्या तोंडचा शब्द तुम्ही मराठीतून काढणार आणि कोणाच्याच तोंडी नसलेला शब्द मराठी ठरवणार? मला हे अजिबात मान्य नाही.

हिशेबतपासनीस
बेगमीवर माझा आक्षेप वेगळा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. बेगमी म्हणजे डब्यात भरून ठेवलेली वस्तू. भांडवल असं कुठे भरून ठेवलेलं नसतं. तो ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूचा आकडा आहे, आणि तो पैसा केव्हाच कर्जांत आणि रोख्यांत गुंतलेला असतो. ‘भांडवलाची बेगमी’ वाचून विद्यार्थ्याला वाटेल की तिजोरीत अडीच टक्के नोटा वेगळ्या काढून ठेवल्यात. वार्षिक सभेत सभासद हेच विचारतात, एवढा राखीव निधी आहे तर तो वाटा ना! खरी बेगमी म्हणायची तर ती तरलतेची. ३० दिवसांचा ताण सोसेल एवढी रोकड आणि सरकारी रोखे बँकेला खरोखरच हाताशी ठेवावे लागतात. एप्रिल २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने या गरजेच्या तुलनेत ठेवायच्या साठ्याचं प्रमाण १०० वरून ८० टक्क्यांवर उतरवलं आणि एप्रिल २०२१मध्ये पुन्हा १००वर नेलं. तिथे बेगमी चपखल बसते. भांडवलाला बफरच राहू द्या. बँकेत सगळे तेच म्हणतात.

मृण्मयी_क
हा फरक फार मोलाचा आहे, टिपणात घेतेच. पण अहवालातली अडचणही जवळपास शब्दाचीच आहे. २०२०मध्ये ज्या बँकांकडे बफरच्या वर फारसं जादा भांडवल नव्हतं, त्यांनी कर्ज देताना हात आखडल्याच्या खुणा दिसल्या. नियामक सांगत होते, वापरा. पण बफरात उतरलो तर बाजार काय म्हणेल, ही बँकांना भीती. म्हणजे नियमात ती बेगमी होती आणि बँकांनी तिची गंगाजळी केली. म्हणून मला दोन्ही शब्द हवेसे वाटतात.

तत्सम
‘वापरता येण्याजोगा आपत्संचय’ लिहा, कुठे अडतं ते सांगा.

जुना_शिरस्तेदार
हिशेबतपासनीस, तुम्ही ‘देण्यांच्या बाजूचा’ म्हणालात त्यावरून आठवलं. आमच्या पतसंस्थेच्या जुन्या अहवालांत एका बाजूला ‘भांडवल व देणी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘जिंदगी व येणी’ असं छापलेलं असे. ती जिंदगी गेली कुठे? हल्ली सगळीकडे मालमत्ता.

हिशेबतपासनीस
अजून आहे. थकलेल्या कर्जांना, म्हणजे एनपीएला, अनुत्पादक जिंदगी असं लिहिणाऱ्या संस्था मी पाहिल्यात.

मडगावची
जिंदगी म्हणजे आयुष्य ना? ताळेबंदात कशी?

जुना_शिरस्तेदार
हिंदीत आयुष्य. आपल्याकडे जमीनजुमला, चीजवस्तू मिळून जिंदगी. ‘सगळी जिंदगी विकून कर्ज फेडलं’ असं आमच्याकडे सहज म्हणत.

तत्सम
तोही फारसीच. ‘मालमत्ता’तला ‘माल’सुद्धा अरबी. त्यापेक्षा ‘संपत्ती’ लिहा.

तळकोकण
संपत्ती अनुत्पादक कशी असेल हो? कर्जदाराकडे अडकलेल्या पैशाला संपत्ती म्हणायला माझी जीभ वळत नाही. जिंदगी चालेल.