ऐकायला कोण येतं, तेही बघा

सेमिनार ऑनलाइन घेतले की सादरीकरणात मुलं नुसती वाचून दाखवतात, असा आक्षेप घेतला जातो; तो बऱ्याच अंशी पटतो. पण ऐकायला कोण येतं, याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीचा विषय होता केळीवरचा करपा हा पानांचा रोग, पाहणी रावेर तालुक्यातली. सेमिनार ऑनलाइन म्हणून तिने ज्यांच्या बागा पाहिल्या ते शेतकरीही जोडले गेले. एरवी त्यांना सेमिनारसाठी जळगावला कोण बोलावतं? एकाने कॅमेरा वळवून पानांवरचे पिवळसर ठिपके दाखवले, रोगट पानं कापून बागेतच टाकली की पावसात करपा कसा पसरतो ते सांगितलं. परीक्षकांचे पुढचे प्रश्न त्यावरच निघाले.

नंदुरबार जिल्ह्यातल्या दूरच्या धडगाव-मोलगीकडच्या मुलांचा एसटीचा आणि मुक्कामाचा खर्च वाचतो तो वेगळाच. तिकडे रेंजची अडचण आहे खरी; त्यासाठी तालुक्याच्या कॉलेजने इंटरनेट असलेली एक खोली द्यावी.