काउबॉय काढला तिथेच घोळ झाला

'कॉल ऑफ हुआरेझ: द कार्टेल' हा व्हिडिओ गेम फसला कारण काउबॉयचे गेम आता कुणाला नकोत, असं एकांनी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. त्यातून काउबॉयच काढून टाकला, म्हणून तो फसला.

हा गेम बनवणाऱ्या टेकलँड कंपनीचाच, याच मालिकेतला २००९ चा 'बाउंड इन ब्लड' आठवा. त्यातलं द्वंद्व! समोरचा गोल फिरतोय, आपणही पावलापावलाने सरकत त्याला नजरेसमोर ठेवायचं, हात पिस्तुलाच्या अगदी जवळ न्यायचा पण लावायचा नाही, आणि घंटा वाजली की झडप. घंटेआधीचे ते काही क्षण श्वास रोखलेला असायचा. २०११ च्या 'कार्टेल'ने गोष्ट आजच्या लॉस एंजेलिस आणि मेक्सिकोत नेली. उरलं काय, तर गाड्यांचे पाठलाग आणि आडोशामागून झाडलेल्या ऑटोमॅटिक बंदुका. असे शूटर तेव्हाही ढिगाने होते.

तिघं जोडीदार, प्रत्येकाचा छुपा डाव, दुसऱ्यांची नजर चुकवून वस्तू उचलायच्या, ही कल्पना मात्र छान होती. मित्रांसोबत खेळताना तर जास्तच. पण तेवढ्यावर अख्खा गेम तरत नाही.

आणि वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या गोष्टी, संपलं म्हणणाऱ्यांनी याच मालिकेतला २०१३ चा 'गनस्लिंगर' खेळाच. त्याचा नायक सायलस ग्रीव्ह्ज सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसून जुन्या आठवणी सांगतोय, ऐकणारे मध्येच शंका काढतात, तो गोष्ट फिरवतो आणि आपल्या डोळ्यांदेखत पुढची वाटच बदलते. मी तो दोनदा संपवलाय, तिसऱ्यांदा सुरू करतोय.