पूर अलमट्टीमुळे की आपल्याच भरावांमुळे? कोल्हापूरकरांनो, बोला

करवीरकाठ (धागा सुरू करणारा)

जुलै लागला की आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी हा घरोघरचा विषय होतो. 39 फुटांला इशारा, 43 फुटांला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 ला नदी 55 फूट 7 इंचांवर गेली आणि दोनच वर्षांनी, 2021 ला, 56 फूट 3 इंचांवर. दोन्ही वेळा पाणी उतरायच्या आत सगळी चर्चा अलमट्टीवर, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणामुळे आपल्याकडे पाणी तुंबतं या मुद्द्यावर, जाऊन बसली.

अलमट्टीचं भांडण सरकारने लवादापुढे, कोर्टात जरूर लढावं. पण शहराच्या स्वतःच्या हातात एक काम आहे आणि ते आपण करत नाही: पूरपट्ट्यात रिकामा होणारा मुरमाचा डंपर थांबवणं. 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही, अतिक्रमणांकडे मात्र लक्ष वेधलं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं. गगनबावडा, राधानगरीकडे धुवाधार लागला की सगळ्या एकदमच भरून येतात. इथून पुढे नदीला उतार कमी, त्यामुळे तिला पसरायला जागा लागते. रमणमळा, दुधाळी, बापट कॅम्प, नागाळा पार्कची खालची बाजू ही ती जागा. निळ्या पूररेषेपर्यंत साधारण 25 वर्षांतून एकदा पाणी येईल असा हिशोब असतो, लाल रेषेपर्यंत 100 वर्षांतून एकदा. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जोता उंच ठेवायच्या अटीवर बांधकाम होतं. कागदावर ते घर सुरक्षित ठरतं. पण प्लॉट भरून वर उचलला की त्या जागेवर मावणारं पाणी कुठे जातं? शेजारच्या जुन्या, बुटक्या घरात. शेजाऱ्याने कुठली परवानगी दिलेली असते?

माझं म्हणणं: लाल रेषेच्या आत नवा भराव पूर्ण बंद. आणि नदीकाठाने पूरसंरक्षक भिंत बांधा ही मागणी सोडून द्यावी.

शिरोळ_संगम

दादा, शहराचं तुमचं बरोबर असंल. पण एकदा आमच्या तालुक्यात येऊन बघा. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळती. कृष्णाच तुंबली तर ही जाणार कुठं? पाणी चढायचं आम्हाला नवं न्हाई. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी चढून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की त्या दक्षिणद्वार सोहळ्याला आम्हीच गर्दी करतो. आमचं दुखणं पाणी न उतरण्याचं हाय. उसाचा शेंडा पाण्याखाली राहिला की पोंग्यात गाळ बसतो, पोंगा कुजतो आणि वर्षाचं पीक उभ्या उभ्या मरतं. सोसायटीचं कर्ज तसंच राहतं.

तुम्ही समितीचा दाखला दिला. समितीनं बघितला तो पूर अलमट्टी 519.60 मीटरवर असतानाचा. कर्नाटकाला ती 524.256 मीटरवर न्यायची हाय. तेव्हा आमच्याकडं काय हुईल, ह्याचं उत्तर 2019 च्या पुरातनं कसं काढणार? शिवाय अलमट्टीच्या अलीकडं कृष्णेवर हिप्परगीचा बंधारा हायच.

भिंतीचं मात्र शंभर टक्के पटलं. कोल्हापूर कोरडं ठेवायला भिंत घातली तर तेच पाणी दामटून आमच्या अंगावर येणार.

जलसंपदा_निवृत्त

आपल्या वरच्या अंगाच्या धरणांचा उल्लेख दोघांनीही टाळला, म्हणून लिहितो. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक. ऐन पुरात 'दरवाजे बंद करा' म्हणून फोन करणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. जे करायचं ते त्याआधी: जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात धरणात जागा किती रिकामी ठेवायची आणि वीजगृहातून पाणी किती लवकर सोडायला लागायचं, हा खरा निर्णय. अर्थात राधानगरी भरून भरून 8.36 टीएमसीचं. कोयनेसारखं 105 टीएमसीचं धरण पंचगंगेवर नाही, आणि धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाज्यामागे थांबत नाही. त्यामुळे धरणं आपल्याला वाचवतील या भरवशावर कुणी राहू नये.

भरावाबद्दल सहमत. पण सगळ्यात लांब भराव कुणा बिल्डरचा नाही, रस्त्यांचा आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग नदी पसरते त्या पट्ट्यातच आडवा गेला आहे. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा तोच पाण्याखाली जाऊन बंद पडला. शहरातलं पेट्रोल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवायची वेळ आली. तेवढा पट्टा खांबांवर नेला पाहिजे. पाणी खालून जाईल, गाड्या वरून. नुसता रस्ता उंच केला तर तो बांध होईल.

शाहूपुरी_जुनं_घर

काका, रस्त्याचं पटलं. करवीरकाठ, तुमचं मला पटत नाही आणि वाचून रागही आला.

आम्ही भराव टाकला नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर आहे. उद्या तुम्ही सगळे भराव बंद केलेत तरी माझ्या घरात येणारं पाणी थांबणार नाही, कारण ते जयंती नाल्यातून उलटं येतं. नदी फुगली की नाल्याला तोंड उरत नाही. उंबऱ्याला पाणी लागायच्या कितीतरी आधी ते संडासाच्या भांड्यातून वर येतं. त्या घाणीत लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन बसायचं काय असतं, हे राजारामपुरीत उंचावर राहणाऱ्यांना कळणार नाही.

2019 नंतर आम्ही ड्रेनेजच्या पाइपला एकतर्फी झडप बसवून घेतली. विजेचा मीटर आणि बोर्ड डोक्याच्या वर नेले. 2021 ला पाणी शेवटी दारातून आलंच, पण झडपेमुळे मधले काही तास मिळाले. धान्य, फ्रीज, घराचे कागद माडीवर गेले. गल्लीत प्रत्येकाला हा खर्च झेपत नाही. महापालिकेने जुन्या घरांना झडपेसाठी पैसे द्यावेत, नाल्याच्या तोंडाशी दार आणि पंप बसवावेत. तुम्ही त्यालाही 'भिंत नको' म्हणून विरोध करणार असाल तर आमच्यासाठी तुमच्याकडे काय आहे?

करवीरकाठ

ताई, नाल्याच्या दाराला माझा विरोध नाही. भिंत नदीची जागा काढून घेते, दार तसं करत नाही. पण दार लावलं की शहरात पडलेलं पाणी आतच अडकतं. ते उपसून नदीत टाकणारे पंप पुरेसे हवेत आणि वीज गेल्यावर चालणारे हवेत, नाहीतर दाराच्या आत दुसरा पूर तयार होईल. 2019 आणि 2021 मध्ये नदीकाठची पाणीपुरवठ्याची उपसा केंद्रंच बुडाली आणि भर पुरात शहर टँकरमागे धावलं. नवे पंप त्याच उंचीवर बसले तर काय उपयोग? झडपेसाठीच्या पैशांना माझा पूर्ण पाठिंबा. भराव बंदीवर मात्र मी ठाम आहे. तुमच्या घरातलं पाणी दर भरावागणिक वाढतं, म्हणूनच.

चिखलीची_सून

प्रत्येक पुरात कुणीतरी आम्हाला ऐकवतं, 'तुम्हाला 1989 च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट दिलेत ना, मग तिकडे का राहत नाही?' हा प्रश्न इथे यायच्या आधीच उत्तर देते.

प्लॉट मिळाला म्हणजे घर होत नाही. आमची जमीन चिखलीत, गोठा चिखलीत. पहाटे धार काढायची, डेअरीला दूध घालायचं, वैरण आणायची, हे सोनतळीहून रोज कसं जमायचं? कुटुंबं वाढली, एका प्लॉटवर दोन भावांचे संसार मावत नाहीत. तरी पूर आला की आम्ही निघतो. निघायला उशीर होतो तो माणसांमुळे नाही, जनावरांमुळे. म्हशी सोडून बाई घर सोडत नाही. छावणीत आधी जनावरांची सोय आणि चारा उभा करा, मग बघा गाव किती लवकर रिकामं होतं. वरच्या जागेत सामायिक गोठे बांधून दिले तर निम्मं गाव कायमचं तिकडे जाईल, असं मला मनापासून वाटतं. जलसंपदा काका, धरणाच्या पाण्याचं रात्री दोनला कळवून आमचं भागत नाही. आम्हाला उजेडात कळलं पाहिजे.

बापट_कॅम्प_मूर्तिकार

आमचंही लिहा. आमचा हंगाम नेमका पुराचा हंगाम. गणपतीच्या तोंडावर घरभर मूर्ती असतात. ओली झालेली मूर्ती पुन्हा उभी राहत नाही आणि हजारभर मूर्ती माडीवर चढत नाहीत. जुलै-ऑगस्टपुरते उंचावरचे हॉल किंवा मैदानात शेड भाड्याने द्या. फुकट नको, भाडं भरू. 43 फुटांवर जागा शोधत फिरायची वेळ येऊ नये.

करवीरकाठ

चिखलीच्या वहिनींचं आणि मूर्तिकार दादांचं म्हणणं धरून निवेदन तयार करतोय. लाल रेषेत नवा भराव बंद, शिरोलीला रस्ता खांबांवर, जुन्या घरांना झडपेसाठी अनुदान, नाल्याच्या तोंडाशी दार आणि उंचावर बसवलेले पंप, सोनतळीला सामायिक गोठे, मूर्तिकारांना शेड, दिवसाउजेडी इशारा. सह्यांसाठी इथेच सांगा.

शाहूपुरी_जुनं_घर

झडप आणि पंप पहिल्या क्रमांकावर घ्या. भराव बंदी कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळेल, आम्हाला येत्या पावसाळ्याआधी काहीतरी हातात हवं. तसं केलंत तर आमच्या गल्लीच्या सह्या मी आणते.

शिरोळ_संगम

अलमट्टीची उंची वाढवायला विरोध, ही ओळ त्यात घाला. नसंल तर माझी सही न्हाई, आणि आमच्या पूरग्रस्त गावातनं दुसऱ्या कुणाची मिळंल असं वाटत न्हाई.