सामूहिक दाव्यात सरासरीचा पुरावा चालावा का? सिमेंटच्या जुन्या बिलांवरून पडलेला प्रश्न

मुलुंडकर
सोसायटीची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा सेक्रेटरी मी होतो. सिमेंटची बिलं अजून जपून ठेवली आहेत, टाचण्या गंजून कागदांना डाग पडलेत. तीन ब्रँड, दोन दुकानदार, पण गोणीमागे दर वाढायचा तो एकाच आठवड्यात आणि जवळपास तेवढाच. संगनमत होतं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. माझ्यासारख्या ग्राहकाकडे तो कधीच नसतो, म्हणूनच सामूहिक दाव्यात, म्हणजे अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्र लढवलेल्या दाव्यात, संख्याशास्त्राचा पुरावा चाललाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतला डबाबंद टूना माशाचा खटला घ्या. तीन मोठ्या कंपन्यांनी संगनमताने भाव चढे ठेवल्याचा आरोप. खरेदीदारांच्या तज्ज्ञाने रिग्रेशन हे संख्याशास्त्रीय मॉडेल वापरलं : खर्च, मागणी वगैरे धरून संगनमत नसतं तर भाव किती असता ते काढलं. सरासरी १०.२८ टक्के जादा वसुली, आणि ९४.५ टक्के थेट खरेदीदारांनी एकदा तरी जादा भाव मोजलेला. २०२२ मध्ये नवव्या सर्किटच्या (तिथल्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाने एकत्रित दाव्याला दिलेली परवानगी कायम केली. छोट्या दुकानदाराने एकट्याने वकील तरी केला असता का?

फोर्टातला वकील
असहमत. सरासरी १० टक्के म्हणजे प्रत्येकालाच फटका बसला असं होत नाही. मोठा गिऱ्हाईक घासाघीस करून सूट मिळवतो, त्याला भरपाई कशाची? अमेरिकेतल्याच रेल्वे मालवाहतुकीच्या इंधन अधिभाराच्या खटल्यात वादींच्याच मॉडेलमध्ये १२.७ टक्के सदस्यांचं नुकसान दिसत नव्हतं. दोन हजारांवर ग्राहक! २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एकत्रित दावा नाकारला, ते बरोबरच केलं. कॉमकास्ट या केबल टीव्ही कंपनीच्या खटल्यात चार आरोपांपैकी एकच ग्राह्य धरला गेला होता, तरी मॉडेलचा ८७.५ कोटी डॉलरचा आकडा चारही धरून होता. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालू दिला नाही.

आपल्याकडेही बघा. गॅस सिलिंडर बनवणाऱ्यांनी इंडियन ऑइलच्या टेंडरमध्ये एकसारखे दर भरले, त्याआधी बरेच जण इथे मुंबईतच एका हॉटेलात भेटले होते. तरी स्पर्धा आयोगाने केलेला दंड २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. घेणारे मोजके आणि माल एकाच मापाचा असेल तर दर जुळू शकतात.

आकडेमोड
वकीलसाहेब, तुम्ही दोन प्रश्नांची गल्लत करताय. संगनमत झालं का, हा एक. कोणाला किती फटका, हा दुसरा. सिलिंडरचा निकाल पहिल्यावर आहे. टूनात त्या तिघांपैकी एक कंपनी, स्टारकिस्टने, फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल केला होता, १० कोटी डॉलर दंड झाला. मोजायचं उरलं होतं ते नुकसान.

तिथेही बचावाचा तज्ज्ञ म्हणाला, २८ टक्के खरेदीदारांचं नुकसान सिद्ध होत नाही. न्यायालयाने नेमकं ओळखलं, की त्यांच्या खरेदीच्या नोंदीच इतक्या थोड्या होत्या की त्यांच्यापुरतं वेगळं काही सांगणं कठीण. वर्गात हेच सांगून माझा घसा बसतो : ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘झालं नाही’ नव्हे.

आणि धान्य टिकवायच्या गोळ्यांचं २००९ चं टेंडर? खर्च वेगवेगळा, तरी कंपन्यांनी भरलेला दर तोच, ३८८ रुपये. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते संगनमतच ठरवलं.

फोर्टातला वकील
ते मान्य, पण तिथे इतर परिस्थितीजन्य पुरावाही होता. मुलुंडकर, गोण्या सोसायटीने घेतल्या की कंत्राटदाराने? अमेरिकेत १९७७ पासून फेडरल कायद्याखाली भरपाई सहसा थेट खरेदीदारालाच मिळते.

चेंबूर नाका
सिमेंट कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये ६,३०० कोटींच्या आसपास दंड ठोठावला. तो आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा निघाला, मग अपिलं. दंड वसूल झाला तरी सरकारी तिजोरीत जातो, सोसायटीला छदाम नाही. भरपाईसाठी स्पर्धा कायद्याच्या कलम ५३एनखाली अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज, तोही आधी दोष ठरल्यावर. समान हिताच्या अनेकांसाठी एकाला अर्ज करता येतो. पण बिलं जपलेल्या सोसायट्या किती?

मुलुंडकर
गोण्या सोसायटीनेच घेतल्या, कंत्राटदाराची फक्त मजुरी होती. शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी ओळखीचे आहेत, रविवारी जाऊन त्यांची बिलं मागतो. आकडेमोडताई, एक्सेलमध्ये कोणते रकाने ठेवू?

आकडेमोड
तारीख, ब्रँड, ग्रेड, गोण्यांची संख्या, दर. वाहतूक वेगळी लावली असेल तर तिचा रकाना वेगळा. जिथे तारीख गंजाने पुसली असेल तिथे अंदाजाने भरू नका, रिकामी सोडा.