‘स्थलांतरित’, ‘प्रवासी’ आणि ‘रुळणे’: एका वाक्याची शब्दचर्चा

प्रश्न

मेलबर्नमधील आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एका जुन्या ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी मालिकेवर टिपण लिहीत आहे. मालिकेचे नाव ‘होम स्वीट होम’. ती १९८० साली एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तिचे लेखन व्हिन्स पॉवेल या ब्रिटिश लेखकाचे होते. इटलीहून येऊन सिडनीत टॅक्सी चालवणारा एन्झो पाचेल्ली आणि त्याचे कुटुंब हा मालिकेचा विषय. मुले ऑस्ट्रेलियन वळणाने वाढत आहेत आणि बापाला घरात इटलीची शिस्त हवी आहे, यातून सारा विनोद निर्माण होतो. एन्झोची भूमिका करणारे जॉन ब्लूथल इटालियन नव्हते. ते पोलंडमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले आणि १९३८ साली लहानपणीच ऑस्ट्रेलियात आले, म्हणजे परक्या देशात नव्याने उभे राहणे काय असते हे त्यांच्या घराने अनुभवलेले होते.

टिपणाचे पहिले वाक्य मी असे लिहिले आहे: ‘नव्या देशाशी जुळवून घेणाऱ्या एका इटालियन प्रवासी कुटुंबाची ही प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका आहे.’ हे वाक्य चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही, पण मोठ्याने वाचले की ‘प्रवासी’, ‘जुळवून घेणाऱ्या’ आणि ‘प्रसंगनिष्ठ’ हे तिन्ही शब्द मला खटकतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपल्याला खटकलेले तिन्ही शब्द खटकण्यासारखेच आहेत, परंतु प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

‘प्रवासी’चे कारण सर्वांत सोपे. मराठीत प्रवासी म्हणजे जो प्रवासात आहे तो, एसटीतला, आगगाडीतला किंवा विमानातला. मुक्काम आला की तो प्रवासी राहत नाही. हिंदीत मात्र हाच शब्द परमुलखात जाऊन राहिलेल्या माणसासाठी चालतो. २०२० च्या टाळेबंदीत हिंदी वृत्तपत्रे ‘प्रवासी मजदूर’ लिहीत होती आणि मराठी वृत्तपत्रे ‘स्थलांतरित मजूर’, हा फरक अनेकांच्या लक्षात असेल. ‘प्रवासी भारतीय दिवस’ हे सरकारी नाव मराठी कानाला सहलीला निघालेल्या लोकांचा दिवस असल्यासारखे वाटते, कारण त्या माणसांना आपण ‘अनिवासी भारतीय’ म्हणतो. तेव्हा आपल्या वाक्यातले इटालियन प्रवासी कुटुंब मराठी वाचकाला आठवडाभर सिडनी पाहायला आलेले वाटेल.

‘स्थलांतरित’ हा त्याहून बरा शब्द आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. भाषांतर, रूपांतर, धर्मांतर या शब्दांप्रमाणेच ‘स्थलांतर’मधल्या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरे’ असा आहे. स्थलांतर म्हणजे दुसरे स्थळ. हा शब्द माणसांपुरता राहिलेला नाही. दुकान समोरच्या गल्लीत गेले तरी दारावर ‘स्थलांतरित’ अशी पाटी लागते, आणि हिवाळ्यात येऊन उन्हाळ्याआधी परतणारे पक्षीही स्थलांतरितच असतात. जागा बदलली एवढेच तो सांगतो. का बदलली, नव्या जागी पुढे काय झाले, याविषयी त्यात काही नाही. ‘निर्वासित’ आणि ‘विस्थापित’ यांत कारणाची छटा असते, परंतु ती हाकलले जाण्याची, उठवले जाण्याची आहे. १९५१ साली ऑस्ट्रेलिया आणि इटली यांच्यात झालेल्या करारानुसार प्रवासखर्चाला साहाय्य घेऊन आलेल्या, किंवा आधी आलेल्या भावाने बोलावले म्हणून आलेल्या माणसांना हे दोन्ही शब्द लावता येणार नाहीत.

‘प्रसंगनिष्ठ’विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक बहुतेक सगळे करतात. विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे वर्गीकरण मराठी समीक्षेत जुने आहे, आणि ‘सिच्युएशन कॉमेडी’ हा शब्द भेटला की त्यातले मधले खण आयते हाताशी येते. परंतु प्रसंग घडतो आणि संपतो. सिटकॉममधली ‘सिच्युएशन’ म्हणजे न संपणारी परिस्थिती. तेच घर, तीच माणसे, तोच मूळ पेच. प्रसंग मात्र दर आठवड्याला नवा. एन्झो आणि त्याची मुले यांच्यातला पेच कोणत्याही भागाच्या शेवटी सुटला असता तर पुढच्या भागाला विषयच उरला नसता. शिवाय अशा मालिकेतला विनोद तपासला तर तो बराचसा शब्दनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ निघतो. पॉवेल यांनी १९७७ साली लिहिलेल्या ‘माइंड युअर लँग्वेज’मध्ये इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांचा वर्ग आहे, आणि तिथला विनोद मुख्यतः शब्दांच्या गैरसमजावर उभा आहे. आपल्याकडे १९९३ साली ‘जबान संभालके’ या नावाने तिचे हिंदी रूप आले, ते अनेकांनी पाहिले असेल. म्हणून ‘प्रसंगनिष्ठ’ काढावा आणि सरळ ‘सिटकॉम’ किंवा ‘विनोदी मालिका’ म्हणावे.

राहिला ‘जुळवून घेणे’. मराठीत जुळवून घ्यायला आपण सुनेला सांगतो, नव्या साहेबाच्या हाताखालच्या कारकुनाला सांगतो. ज्याच्याकडे अधिकार नाही त्याने मनाविरुद्ध नमते घ्यावे, असा त्यात सूर आहे. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियन सरकारची आलेल्या लोकांकडून नेमकी हीच अपेक्षा होती. देशाचे पहिले स्थलांतरमंत्री आर्थर कॉलवेल यांच्या काळात या लोकांना ‘न्यू ऑस्ट्रेलियन’ म्हणण्याचा प्रघात पाडण्यात आला, आणि धोरणाचे नाव होते ‘असिमिलेशन’. मराठी पाठ्यपुस्तकांत या शब्दाला ‘सात्मीकरण’ हा प्रतिशब्द आहे, आणि तो पचनाच्या धड्यात येतो. खाल्लेला घास शरीराचा भाग होतो, म्हणजे बदलतो तो घास. खाणारा आहे तसाच राहतो. त्या धोरणाचे इतके अचूक वर्णन त्याच्या टीकाकारांनाही साधले नसेल. १९७३ साली मंत्री अल ग्रासबी यांनी बहुसांस्कृतिक समाजाची भाषा सुरू केली, आणि ‘होम स्वीट होम’ ज्या वर्षी आली त्याच वर्षी, ऑक्टोबर १९८० मध्ये, अनेक भाषांतून कार्यक्रम दाखवणारी एसबीएस ही सरकारी वाहिनीही सुरू झाली. तेव्हा या मालिकेचे वर्णन करताना १९५० च्या दशकातली जुळवून घेण्याची आज्ञा आपल्या शब्दांतून तरी परत येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माझी सूचना ‘रुळणे’ या क्रियापदाची आहे. केस खांद्यावर रुळतात, पायवाट रुळते, हात कामात रुळतो, सून सासरी रुळते आणि परका शब्द भाषेत रुळतो. रुळण्यात वापर आहे आणि काळ आहे, पण हुकूम नाही. आणि एकटी पायवाटच रुळते असे नाही, तिच्यावरून चालणारे पायही रुळतात.

एक शंका

‘रुळणे’ सुंदर आहे, पण ते अकर्मक क्रियापद आहे आणि आपसूक घडणारी गोष्ट सांगते. एन्झोला तर रुळायचेच नाही. तो घरात इटली टिकवण्यासाठी झगडतो, आणि विनोद तिथेच आहे. रुळतात ती मुले. मग ‘रुळणारे कुटुंब’ म्हटल्यावर बापाचे काय करायचे? ‘जुळवून घेणे’ यात निदान प्रयत्न दिसतो आणि त्या प्रयत्नाचा त्रासही दिसतो.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही आभार. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर मला पुस्तकाऐवजी शेजारच्या घरात सापडले असे वाटते.

आमच्या शेजारी कालाब्रियाहून आलेल्या एक आजी राहतात. दर वर्षी उन्हाळा सरताना, म्हणजे इथल्या फेब्रुवारीत, त्यांच्याकडे टोमॅटोचा दिवस असतो. मोटार रस्त्यावर काढून गॅरेज रिकामे केले जाते, मुले-नातवंडे पहाटे येतात, टोमॅटोच्या पेट्या धुतल्या जातात, यंत्रातून गर एकीकडे आणि साली-बिया दुसरीकडे पडतात. मग जपून ठेवलेल्या बिअरच्या बाटल्यांत गर भरून, प्रत्येक बाटलीत तुळशीच्या जातीचे एक पान घालून, त्या चिंध्यांत गुंडाळून मोठ्या पिंपात उकळल्या जातात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या गच्चीवरचे वाळवण आठवले, कुरडयांचा चीक आणि पहाटेची ती हाकाहाक.

त्या दिवशी आजींनी नातवाला इटालियनमध्ये ओरडून काही सांगितले आणि त्यात मला ‘फेन्त्सा’ असा शब्द ऐकू आला. मी अर्थ विचारला तर त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवले. तो इंग्रजी ‘फेन्स’ होता. मोटारीला त्या ‘कार्रो’ म्हणतात. इटलीत मोटार म्हणजे ‘माक्किना’, आणि ‘कार्रो’ म्हणजे गाडा, बैल जुंपतात तो. त्यांचे यजमान ‘फात्तोरीया’त कामाला होते असे त्या सांगतात, आणि मी कितीतरी दिवस ते शेतावर होते असे समजत होते, कारण इटलीत त्या शब्दाचा अर्थ शेतीवाडी असा आहे. ते मोटारींच्या कारखान्यात होते. इंग्रजी ‘फॅक्टरी’ने एका जुन्या इटालियन शब्दाचा अर्थ बदलून टाकला. हे तिन्ही शब्द इथल्या इटालियन लोकांच्या बोलीत सर्रास आहेत.

आजींना आपण अस्सल इटालियन बोलतो असेच वाटते. त्यांनी कशाशी जुळवून घेतलेले नाही, आणि तरीही त्यांच्या तोंडात इथले शब्द रुळले आहेत. म्हणून शंका घेणाऱ्यांना माझे म्हणणे असे की एन्झोला रुळायचे नसले तरी तो रुळतो आहे, आणि ते त्याला कळत नाही, यातच त्याचा विनोद आहे आणि त्याच्याविषयीची मायाही आहे. ‘रुळणे’ अकर्मक आहे ही अडचण नसून तेच त्या शब्दाचे बळ आहे.

आता माझी नवी अडचण ‘देश’ या शब्दाची. आजी ‘पाएझे’ म्हणतात तेव्हा कधी इटली म्हणतात आणि कधी आपले डोंगरातले गाव, हे मला संदर्भावरूनच कळते. ‘नव्या देशात’ लिहिले तर ते जुळेल का?

पुन्हा उत्तर

आजींचे ‘कार्रो’ वाचून आपली ‘गाडी’ आठवली. बैलांची गाडी आणि पेट्रोलची गाडी यांना मराठी एकच शब्द सहज वापरते.

‘पाएझे’ला मराठी कानाने परके मानण्याचे कारण नाही. आपलाही ‘देश’ कधीकाळी एवढाच लहान होता. घाटावरचा मुलूख तो देश. कोकणातला माणूस घाट चढून ‘देशावर’ जात असे आणि देशस्थ हे नाव त्यातूनच आले. ‘पाएझानो’ म्हणजे आपल्या पाएझेचा माणूस, त्याला मराठीत ‘गाववाला’ म्हणावे. गिरणगावात एकाच गावच्या चाकरमान्यांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्या होत्या आणि नवा पोरगा मुंबईत उतरला की तिथेच पथारी टाकत असे. इटालियन लोकही असेच माणसामागून माणूस आले आणि गावेच्या गावे एकेका उपनगरात जमली. १९४७ साली ऑस्ट्रेलियात इटलीत जन्मलेले सुमारे ३३ हजार लोक होते, ते १९७१ पर्यंत सुमारे २ लाख ८९ हजार झाले. याच्या उलट उदाहरण ‘परदेशी’ या आडनावाचे. उत्तरेकडून येऊन महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या राहिलेली, घरात मराठी बोलणारी कुटुंबेही हे आडनाव लावतात. माणसे रुळली, शब्द मात्र वेशीवरच राहिला. ‘न्यू ऑस्ट्रेलियन’मधले ‘न्यू’ किती वर्षे चालायचे हाही तसाच प्रश्न होता.

टिपणात ‘वॉग’ ही शिवी येणार असेल तर तिचे ‘घाटी’ असे भाषांतर कृपया करू नये. मुंबईत ‘घाटी’ म्हणून हिणवलेला माणूस बहुधा मराठीच बोलणारा असतो. ‘वॉग’ हा शब्द ऑस्ट्रेलियात इटालियन, ग्रीक अशा परभाषी दक्षिण युरोपीय लोकांसाठी होता. शिवाय त्या लोकांच्याच मुलांनी तो १९८७ साली ‘वॉग्ज आउट ऑफ वर्क’ या नाटकाच्या नावात अभिमानाने मिरवला. मूळ शब्द ठेवून अर्धे वाक्य स्पष्टीकरण द्यावे.

‘नव्या देशात’ काढून ‘सिडनीत’ लिहावे असे मी सुचवतो. शहराचे नाव आले की ‘स्थलांतरित’ची गरजही उरत नाही, कारण सिडनीतले इटालियन कुटुंब दुसरीकडून आले हे वेगळे सांगावे लागत नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून

वाक्य आता असे केले आहे: ‘सिडनीत नकळत रुळत चाललेल्या एका इटालियन कुटुंबाची ही विनोदी मालिका आहे.’ ‘नकळत’ काढून पाहिले, पण मग एन्झो वाक्याबाहेर राहतो, म्हणून ते ठेवले आहे.