घरापासून गोठ्यापर्यंत जमिनीखालून केबल: कोणती, किती खोल?

गोठेवाला_औसा
घराच्या मीटरपासून मागचा गोठा ७० मीटरवर, एकाच गटात. सध्या बल्ल्यांवरून वायर नेलीय, पण ती लोंबायलीय, कडब्याची गाडी आली की अडकते. म्हणून जमिनीखालून न्यायचा विचार चाललाय. गोठ्यात २ एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी, २ पंखे, ५-६ बल्ब. जमीन काळी, मधून ट्रॅक्टरची वाट. दुकानदार म्हणतो, बोअरची २.५ चौ. मिमी ची चपटी केबल काळ्या पाइपात घालून पुरा. चालेल का?

तारतंत्री
नको. चपटी केबल पाण्यात चांगली टिकते, पण तिला कवच नाही. घूस लागली किंवा कुदळ बसली की संपली. आर्मर्डच (पोलादी तारांचं कवच असलेली) घ्या: ३ कोअर (आत तीन वेगळ्या तारा), ६ चौ. मिमी तांबं, वर आयएस ७०९८ किंवा १५५४ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला बघून.

एवढी जाड कशाला, तर कडबाकुट्टीसाठी. जाऊन-येऊन १४० मीटर तार होते. २.५ मध्ये तिचा रोध १ ओहमच्या आसपास. चालू लोड १५ अँपिअर धरला तर १५-१६ व्होल्ट पडतात, ते एकवेळ चालेल. पण मोटर सुरू होताना ६० अँपिअरच्या घरात ओढते, तेव्हा ६० व्होल्ट गेले. संध्याकाळी घरातच २०० असतील तर मोटरीला १४० मिळणार. ती नुसती घुमते, उचलत नाही, आणि कपॅसिटर नाहीतर वाइंडिंग जळतं. ६ मध्ये हीच घट २६ व्होल्ट.

तांबं परवडत नसेल तर १० चौ. मिमी ॲल्युमिनियमचा रोध ६ च्या तांब्याएवढाच आहे. फक्त त्याचं टोक थेट एमसीबीत (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) आवळू नका, ढिलं होऊन तापतं. बायमेटल लग (ॲल्युमिनियम-तांबं जोडणारं टोपण) लावा.

काळी_माती
चर ७५ सेमी खोल. ट्रॅक्टरच्या वाटेखाली १ मीटर, आणि तेवढ्याच टप्प्यात जीआय किंवा जाड एचडीपीई पाइप. सगळीकडं पाइप घालू नका, आत पाणी साचून राहतं. तळाशी ८ सेमी वाळू, केबल, पुन्हा ८ सेमी वाळू, त्यावर आडव्या विटा, मग माती. जमिनीखाली फूटभरावर धोक्याची पट्टी. फूटभर रुंदीला वाळू सव्वा ब्रास, विटा ७००. जेसीबीनं चर रुंद होतो आणि वाळू दीड-दोन पट लागते, म्हणून इथं मजूरच लावा.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ताणून टाकलेल्या केबलला ग्लँडपाशी (केबल पेटीत शिरते तिथला आवळ) ओढ बसते. चरात नागमोडी सोडा, दोन्ही टोकांना मीटरभर वळसा ठेवा. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या १२ पटीहून कमी नको. ८० मीटर एकसंध घ्या, मधे जॉइंट नको. कापलेली टोकं लगेच बंद करा, नाहीतर ओल आत ओढली जाते. माती टाकण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासा. नवी केबल शेकडो मेगओहम दाखवते. मोठी ढेकळं फोडूनच भरा आणि वर वरंबा ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो.

गोठेवाला_औसा
आर्मरलाच अर्थिंग धरलं तर २ कोअरमध्ये भागेल ना?

तारतंत्री
तिसरी कोअर ठेवाच. आर्मरच्या तारा ग्लँडपाशी गंजल्या की अर्थ गेला, आणि ते कळतही नाही. आर्मर दोन्ही टोकांना अर्थला जोडा, न्यूट्रल म्हणून कधीच वापरू नका. गोठ्यात न्यूट्रल आणि अर्थही एकत्र करायचे नाहीत.

घराकडं २० अँपिअर सी-कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) दोन पोल एमसीबी आणि १०० मिलीअँपिअरची टाइम-डिले (जरा उशिरा पडणारी) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच; गोठ्यात ३० मिलीअँपिअरची. आरसीसीबी सोडू नका: अर्थिंग चांगलं ५ ओहम असलं तरी दोषात ४६ अँपिअरच वाहतात, त्यावर २० चा एमसीबी झटकन पडत नाही. तोवर गोठ्यातले लोखंडी खांब जिवंत. जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब, जमीन ओली, त्यामुळं माणूस वाचेल एवढ्या व्होल्टेजनंही गाय दगावू शकते. गव्हाणीचं लोखंड, खांब, पाण्याची टाकी सगळं अर्थला बांधा.

अर्थचा खड्डा हौदाजवळ घ्या. एप्रिल-मेमध्ये काळी माती रॉडपासून सुटते आणि रोध वाढतो, तेव्हा त्यात पाणी सोडत जा. शेणमुताच्या नालीजवळ मात्र नको, रॉड गंजतो. गोठ्यात केबल वर येते तिथं ६ फुटांपर्यंत जीआय पाइप, म्हणजे शिंगं घासली तरी चालतं.

काळी_माती
शेतीपंपाच्या मीटरवरून घर-गोठा चालवायचा मोह नको. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. उद्या गोठा दुसऱ्या गटात हलवला तर आधी महावितरणकडं विचारा.