मदत हवी आहे: हातच्याची वजाबाकी, डोकं फिरायची वेळ आलीय

चिऊची_आई: वर्गात दोन आठवडे हातच्याची वजाबाकी चालू आहे आणि मुलीची रोज चुकते. शाळेत शिकवलंय, घरी मी परत शिकवलं, रोज तासभर बसतो तरी तेच, बेरीज मात्र फटाफट येते. परवा चाचणी आहे, एखादं ॲप किंवा सरावाचे कागद माहीत असतील तर पटकन सांगा

रिकामटेकडा: कितवीत आहे?

खडूफळा: आणि चुकते म्हणजे नक्की काय करते? ५२ - २७ चं उत्तर ३५ लिहिते का? तसं असेल तर ती वरचा-खालचा न बघता मोठ्यातून लहान काढतेय, बरीच पोरं तेच करतात.

पाढेप्रेमी: तीसपर्यंत पाढे पाठ करून घ्या. सगळं आपोआप येतं.

खडूफळा: वजाबाकीत पाढे कुठून आले काका?

चिऊची_आई: दुसरीत. ३५ नाही हो, १५ लिहिते. ८१ - ४६ चे २५. सगळीकडे असंच काहीतरी

मणीमाळ: काड्या घ्या आणि दहा-दहाचे गठ्ठे करा रबर लावून. ५२ म्हणजे पाच गठ्ठे नि दोन सुट्या, सात काढायला सुट्या पुरत नाहीत, मग एक गठ्ठा सोडायचा, झाले चार गठ्ठे बारा सुट्या. आठवडाभर वही-पेन्सिल बंद.

चिऊची_आई: परवा चाचणी आहे म्हटलं ना

जुनाविद्यार्थी: गठ्ठे सोडत बसण्यापेक्षा आमच्या वेळची पद्धत बरी. वरच्या दोनाचे बारा, खालच्या दोनाचे तीन, खाडाखोड नाही. ५०३ - २७८ आलं की गठ्ठेवाले अडकतातच, दशकात काही नाही मग शतकाकडे मागायला जा

मणीमाळ: आणि खालच्याला एक का द्यायचा हे पोराला सांगणार कसं?

जुनाविद्यार्थी: दोन्हीत दहा मिळवले की फरक तोच राहतो. वर दहा सुटे, खाली एक दशक. यात काय अवघड?

मणीमाळ: सात वर्षांच्या मुलाला सांगून बघा एकदा 🙂

गोंधळी: आमच्याकडे वेगळाच त्रास, एकोणतीस म्हटलं की ३९ लिहितो. काय करावं?

खडूफळा: थांबा जरा. १५ आणि २५, दोन्ही उत्तरं बरोब्बर दहाने कमी आहेत. ताई, घरी तुम्ही खाली एक मिळवून शिकवता का?

चिऊची_आई: हो, मला तीच येते. का?

खडूफळा: शाळेत वरचा पाच खोडून चार करत असणार. ती दोन्ही करतेय, वर चार, खाली तीन, उरला एक. शाळेचंही ऐकतेय बिचारी नि आईचंही. परवापर्यंत तुमची पद्धत काढूच नका, आणि प्रत्येक गणिताचा ताळा करायला लावा. १५ नि २७ मिळून ४२ होतात, ५२ नाही, चूक तिची तिलाच दिसेल.

चिऊची_आई: वही काढून बघितली. पाच खोडलाय आणि खालच्या दोनाशेजारी बारीकसा एक, अगदी मी काढते तसा. काल यावरूनच रागावले होते तिला

जुनाविद्यार्थी: म्हणजे पद्धतीत खोट नव्हतीच.

पाढेप्रेमी: पाढे तरी घ्याच.

गोंधळी: एकोणतीसचं कुणी सांगेल का

रिकामटेकडा: एकोण म्हणजे एक कमी. तिसाला एक कमी, चाळिसाला एक कमी, असं म्हणून घ्या. फक्त ९९ ला हे चालत नाही, तेवढं आधीच सांगून ठेवा, नाहीतर एकोणशंभर म्हणेल.